धातूने गाव वसवलं नाही, काका

सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड: 'तांबं सापडलं आणि दगडी हत्यारं संपली. धातू आला म्हणून शेती आली, गावं आली. पुढे कांस्य मऊ पडलं म्हणून माणूस लोखंडाकडे वळला.' पाठवणारे काका शेजारचेच, म्हणून जरा सविस्तर.

दगडी हत्यारं संपली? मग त्या काळाच्या नावात, ताम्रपाषाणयुगात, पाषाण काय करतोय? लांब जायला नको, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव बघा. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं खणलं. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. तांब्याच्या वस्तू मोजक्या. कापणं-चिरणं चालायचं ते गारेच्या, म्हणजे गारगोटीसारख्या दगडाच्या, धारदार पात्यांवर. आणि ह्याच गावाने पुराचं पाणी वळवायला बांध घातला, पाट खणला, जव पिकवला. गावात एक पाच खोल्यांचं मोठं घर निघालं, शेजारीच धान्याचं कोठार. उत्खनन करणाऱ्यांनी ते घर मुखियाचं मानलं. म्हणजे सत्ता कोठाराला चिकटून होती, कुऱ्हाडीला नाही.

धातूमुळे शेती हे तर सरळ उलटं आहे. बलुचिस्तानात मेहरगढला इ.स.पू. ७००० च्या सुमारास लोक जव पेरत होते, तेव्हा धातू गाळायची भट्टी कुणाला ठाऊक नव्हती.

मग धातू कशाला लागला? बऱ्याचदा मिरवायला. प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला, अशाच एका जुन्या वस्तीच्या जागी, १९७४ मध्ये कांस्याचे (ब्राँझचे) रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चौघांचं वजन मिळून ६० किलोंच्या वर! त्यांच्या काळाबद्दल वाद आहे, पण एवढ्या धातूत किती विळे झाले असते याचा हिशेब काकांनीच करावा.

राहिलं लोखंड. तिथे अडचण कांस्याच्या मऊपणाची नव्हती, ते मिळण्याची होती. कांस्य म्हणजे तांब्यात कथील मिसळून केलेला धातू. त्याला लागणारं कथील फार थोड्या ठिकाणी मिळतं, लोहखनिज मात्र जागोजागी. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या, सुमारे इ.स.पू. १३०० च्या उलुबुरुन जहाजात १० टन तांबं आणि जवळपास १ टन कथील होतं. कांस्यासाठी माल लांबून आणायची एवढी उठाठेव असायची. शिवाय कार्बन न मुरलेलं साधं लोखंड चांगल्या ठोकलेल्या कांस्यापेक्षा मऊच असतं. तांबं-कांस्य ठोकून कडक होतं आणि पुन्हा तापवलं की नरमतं, हे पटत नसेल तर काकांनी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन विचारावं. रिक्षाचं भाडं मी देतो.