दोन दारं की चार चाकं

संयुक्त अरब अमिरातीत पेट्रोलचा भाव महिन्यातून एकदा जाहीर होतो. 2015 च्या ऑगस्टपासूनची ही पद्धत. एक दिवस कुरकुर करायची आणि बाकीचा महिना मोकळा. आम्ही आलो तेव्हा लिटरला साधारण अडीच-तीन दिरहम. भारतातून नव्यानं आलेला माणूस प्रत्येक दिरहमचे रुपये करतो, तसं मीही तेव्हाच्या भावानं तेवीसनं गुणलं. साठ-सत्तर रुपये आले आणि डोक्यातला एक स्क्रू ढिला झाला. ज्यानं जन्मभर कुठलीही गाडी बघून पहिल्यांदा "ॲव्हरेज किती?" हेच विचारलं, त्याच्या तोंडचा प्रश्नच काढून घेतल्यावर तो बिघडणार नाही तर काय?

हे बिघडणं दोन प्रकारचं असतं. काहींना वाळू चढते. ते लँड क्रूझर, निस्सान पट्रोल, रँग्लर असल्या उंच, वाळूत चालणाऱ्या गाड्यांची नावं घेतात आणि जेवताना टायरमधल्या हवेवर बोलतात. काहींना वेग चढतो. ते फार बोलत नाहीत, फक्त सिग्नलला शेजारच्या गाडीकडे बघतात. आमच्या शारजातल्या वन बीएचकेत दोन्ही रोगांच्या साथी एकदमच आल्या. मला वाळू लागली, बायकोला वेग. मला पट्रोल हवी, तिला मस्टँग ही स्पोर्ट्स कार.

"अरे, हे उलटं नाही का?" असं सगळे विचारतात. त्यांना कोल्हापूर ठाऊक नसावं. तिथं मोटरस्पोर्टचं वेड जुनं आहे. आमच्या सासऱ्यांनी लेकीला सायकलच्या आधी बुलेटच्या टाकीवर बसवली. मी कराडचा. आमच्या घरी गाडी म्हणजे दसऱ्याला हार घालायची आणि एरवी कव्हर घालायची वस्तू. त्यात रहिवासी भारतीयाला इथं गावाकडचं लायसन नुसतं बदलून मिळत नाही. पार्किंगची परीक्षा द्या, मग रस्त्यावरची द्या. बायकोचं लायसन माझ्या आधी आलं, एवढंच सांगतो. घरातली चर्चा त्यामुळे एक लायसनवाली आणि एक अभ्यासू, अशा पातळीवर चालायची.

माझा अभ्यास पक्का होता. पहिला मुद्दा पार्किंगचा. आमच्या इमारतीला स्वतःचं पार्किंग अपुरं, म्हणून निम्मे भाडेकरू समोरच्या मोकळ्या प्लॉटवर गाड्या लावतात. त्याला इथं 'कच्चा पार्किंग' म्हणतात. वाळू, खडी, मध्येच एखादा खड्डा. म्हणजे ऑफरोडिंग रोज सकाळी घराखालीच. दुसरा मुद्दा पावसाचा. 16 एप्रिल 2024 ला या देशात पंच्याहत्तर वर्षांतला विक्रमी पाऊस झाला. अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पडला, आणि शारजाच्या काही भागांत पाणी दिवसेंदिवस हटलं नाही. आम्ही तेव्हा इथं नव्हतो. पण आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, तो प्रसंग अजूनही हातानं पाण्याची उंची दाखवून सांगतो आणि दर वेळी हात थोडा वर जातो. मी बायकोला खाली नेऊन त्याच्याकडून तो हात दाखवला.

"वाळवंटात राहायला आलो आणि तू पुरासाठी गाडी घेणार?" बायको म्हणाली.

"आई येणार आहेत. उंच गाडीत त्यांना चढता तरी येईल का?" हा तिचा पुढचा वार.

"तुझ्या गाडीत बसल्या तर उठता तरी येईल का?" हा माझा.

आईंचा गुडघा असा दोन्ही पक्षांनी वापरून झाला आणि बरोबरी झाली.

पण तिच्या भात्यात खरा बाण वेगळाच होता. "पाहुणे," ती म्हणाली. नुसता हा शब्द उच्चारून गप्प बसली.

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. ऑक्टोबरमध्ये हवा जरा निवळली की फोन सुरू होतात. "सहज चौकशी केली हो, तिकडे थंडी कशी असते?" ही सहज चौकशी जानेवारीत शॉपिंग फेस्टिव्हलच्या सुमारास चार सुटकेसा घेऊन विमानतळावर उभी असते. बुर्ज खलिफा, ग्लोबल व्हिलेज, गोल्ड सूक, अबू धाबीची मशीद आणि आता तिथलंच मंदिर. या सगळ्याला सात सीटची गाडी म्हणजे घरची यष्टी, फक्त तिकीट नाही. आणि मंडळाचं काय? ज्याची गाडी मोठी, त्याच्या डिकीत गणपतीचं मखर, सतरंज्या आणि मोदकांचे डबे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पट्रोल घेतल्यापासून मंडळाच्या वाहतूक विभागाचे प्रमुख झालेत. असा विभाग त्याआधी नव्हता.

"मस्टँगला दोनच दारं," बायको समजावून सांगत होती. "मागची सीट असते, पण ती कंपनीनं कशासाठी दिली हे कंपनीलाच माहीत. कोण बसणार मागे? 'मामा, या हो, पण गाडी लहान आहे.' विषय संपला."

स्पोर्ट्स कारच्या बाजूनं इतका संसारी युक्तिवाद मी कुठल्याच मोटारीच्या मासिकात वाचलेला नव्हता. तरीही मी नमलो नाही. दोन्ही बघू, असं ठरलं.

आधी वाळू. ऑफिसातला एक मल्याळी सहकारी दर थंडीत वाळवंटात जातो. त्याच्या टोळीबरोबर आम्ही दुबईहून हत्ता गावाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या 'बिग रेड' या वाळूच्या टेकडीकडे निघालो. तिथली वाळू लोहाच्या अंशामुळे खरंच तांबडी आहे, कोकणातल्या मातीची आठवण यावी इतकी. डांबर संपतं तिथं सगळे उतरले आणि टायरमधली हवा सोडायला बसले. पस्तीस पीएसआयची पंधरावर आणायची. चाकं फतकल मारून बसतात, जमिनीला जास्त टेकतात, आणि गाडी वाळूत रुतण्याऐवजी वरून तरंगत जाते. जन्मभर "हवा चेक करा" म्हणून पंपावर थांबलेल्या मला, भरलेली हवा आपल्या हातानं सोडताना पोटात कसंतरी झालं.

नियम सोपे होते. एकट्या गाडीनं कधी जायचं नाही. चढावर दम सोडायचा नाही. माथ्यावर पाय हलका करायचा, कारण पलीकडे काय आहे ते देवालाही दिसत नाही. उतारावर गाडी आडवी होऊ द्यायची नाही, झालीच तर स्टीयरिंग खालच्या दिशेला वळवायचं. हा शेवटचा नियम ऐकायला सोपा आहे. गाडी एका कुशीवर कलायला लागली की माणसाचा प्रत्येक अवयव वरच्या दिशेला वळवा म्हणतो.

मी मागच्या सीटवर होतो. डोक्यावरची दांडी दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, मारुतीस्तोत्र म्हणत होतो आणि 'भीमरूपी महारुद्रा'च्या पुढे सरकत नव्हतो. आणि आमच्या सहकाऱ्यानं वाटेत थांबून बायकोला विचारलं, "मॅडम, चालवणार?"

तिनं चालवली. पुढचं मी नीट पाहिलेलं नाही. गाडी वर गेल्याचं कळलं, मग पोट मागे राहिल्याचं, मग टोळीतल्या सगळ्यांनी वायरलेसवर "वाह मॅडम" म्हटलेलं ऐकू आलं. परतताना आमच्यातली एक गाडी मऊ वाळूच्या खोलग्यात बुडापर्यंत बसली. फावडी निघाली, खणाखणी झाली. तेवढ्यात एक स्थानिक तरुण जुन्यापुराण्या लँड क्रूझरमधून आला. पट्टा बांधला, गाडी उपटून काढली, पैसे काढणाऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि थर्मासमधला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आम्हालाच पाजला. बायको त्या गाडीकडे बघत होती. रंग उडालेला, बंपर चेपलेला, मीटरवर चार लाखांहून जास्त किलोमीटर.

"हिला म्हणतात गाडी," ती म्हणाली. साथ पसरली होती.

इकडे मला मस्टँग दाखवायची ठरलेली होतीच. शारजातल्या सूक अल हराजमध्ये गेलो. हा जुन्या गाड्यांचा बाजार म्हणजे एक गावच आहे. तिथं मस्टँग इतक्या स्वस्त दिसतात की आपण कोटीत खेळतोय असं वाटतं, आणि त्यामागचं कारण कळलं की उतरतं. पुष्कळशा अमेरिकेत अपघात होऊन, लिलावात विकल्या जाऊन, इथं डागडुजी करून उभ्या असतात. शिवाय आखाती बाजारासाठी बनलेल्या, म्हणजे 'जीसीसी', गाडीचा एसी आणि रेडिएटर इथल्या उन्हाच्या हिशोबानं दिलेला असतो. विक्रेत्याला मी पढवल्याप्रमाणे विचारलं, "जीसीसी की अमेरिकन?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "हबीबी, दिल से जीसीसी." आम्ही पुढच्या दुकानात गेलो.

शेवटी एक खरोखरची जीसीसी मिळाली. लाल, पाच लिटरची व्ही-एट, एकाच मालकाची. तोपर्यंत माझंही लायसन आलं होतं. चावी माझ्या हातात दिली.

इंजिन सुरू केल्यावर जो आवाज आला तो कानांनी ऐकायचा नव्हताच. तो सीटमधून वर आला. एमिरेट्स रोडला लागलो, रविवारची पहाट, रस्ता मोकळा. मी पाय जरासा, अगदी भीतभीत, दाबला. नंतर बायको म्हणाली की मी त्या क्षणी हसलो. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं सांगूनही असा हसलो नव्हतो म्हणे.

दुबईत वेगाच्या मर्यादेवर वीसची सवलत असते. पाटी 100 ची असेल तर 120 पर्यंत रडार डोळे मिटून घेतं. अबू धाबीत 2018 पासून ही सवलत नाही, तिथं पाटी म्हणेल तेच खरं. एका देशात दोन हिशोब सांभाळत माझा पाय त्या सकाळी गणिताचा पेपर सोडवत होता. चुकला तर मुखालफा, म्हणजे दंड, आणि मुखालफ्याचा मेसेज आपण घरी पोचायच्या आत पोचतो.

परतताना अल इत्तिहाद रोड लागला. दुबई-शारजा हा रस्ता ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं नाही पाहिला त्यानं बघूही नये. चारशेहून जास्त अश्वशक्ती एका जागी घुरघुरत उभी होती आणि दोन्ही बाजूंनी बिर्याणी पोचवणाऱ्या मोटरसायकली आम्हाला ओलांडून चालल्या होत्या. मला त्याचंही काही वाटलं नाही. शेजारच्या बसमधल्या एका पोरानं गाडीचा फोटो काढला. मी मान ताठ केली.

घरी आलो आणि भांडण पुन्हा सुरू झालं, फक्त वकिलांनी अशिलं बदलली होती. ती कच्च्या पार्किंगबद्दल बोलू लागली. नातूरचा हात किती वर जातो ते मलाच करून दाखवू लागली. मी म्हणालो, "वाळवंटात राहायला आलो आणि तू पुरासाठी गाडी घेणार?" तिनं वाक्य ओळखलं. आईंचा गुडघा परत निघाला, परत बरोबरीत सुटला.

बँकेचीही मध्यस्थी झाली. केंद्रीय बँकेच्या नियमानं गाडीच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं आणि ते 5 वर्षांत फेडायचं. म्हणजे वीस टक्के आपल्या खिशातले. वापरलेली मस्टँग आणि वापरलेली पट्रोल यांचा हप्ता काढला तर फरक महिन्याच्या भाजीइतका. बँकेनंही हात वर केले.

मग मी तो शब्द काढला. "पाहुणे," म्हणालो आणि गप्प बसलो.

तिच्या चेहऱ्यावरून शॉपिंग फेस्टिव्हल सरकत गेला. मामा, मामी, मामींची बहीण, ग्लोबल व्हिलेजच्या गेटवर हरवलेलं एक मूल. स्वतःचाच बाण परत आल्यावर ढाल कुठून आणणार? मस्टँग घेतली. मुल्कियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीकार्डावर, नाव तिचं, कारण हप्ता तिच्या पगारातून जातो. माझ्या वाट्याला रविवारची पहाट.

पाहुणे खरंच कमी झाले. मंडळानंही मखरासाठी फोन केला नाही. त्या थंडीत आम्ही दोघं अत्यंत सुखी, अत्यंत आप्पलपोटं आयुष्य जगलो.

मग मंडळातल्याच एका काकांच्या मुलाचं लग्न निघालं. हॉल दुबईत, वऱ्हाड शारजाच्या हॉटेलात. काकांचा फोन आला. "सामानाला पट्रोल आहेच हो. पण नवरदेव तुमच्या लाल गाडीतून यावा अशी मुलाची फार इच्छा आहे. नाही म्हणू नका."

नाही कसं म्हणणार? बायकोनं गाडी धुऊन घेतली, बॉनेटवर झेंडूची माळ बांधली. नवरदेव हॉटेलच्या दारात आला तो कोल्हापुरी फेटा बांधून, वर हातभर तुरा. आधी करवलीला मागच्या सीटवर घातली. करा घेऊन ती एकदा आत गेली ती तिकडचीच झाली. मग नवरदेव वाकला. तुरा छताला लागला. त्यानं मान खाली घातली, फेटा मागे सरकला. मान वर केली, मुंडावळ्या आरशाला अडकल्या. दोन मामा मदतीला आले, एकानं मान दाबली आणि दुसऱ्यानं पाय आत ढकलले. शेवटी फेटा उतरवून त्याच्या मांडीवर ठेवला, तेव्हा दार लागलं. बायकोनं त्याला बेल्ट लावला, फेट्यासकट.

अल इत्तिहाद रोडवर तास गेला. मागून पट्रोलमधलं वऱ्हाड काचा खाली करून हसत होतं. हॉलसमोर पोचल्यावर नवरदेवाला बाहेर काढायला तेच दोन मामा लागले. उपरणं सीटच्या कडेला अडकलं होतं, ते सुटलं तेव्हा तो एकदम बाहेर आला आणि थेट सनईवाल्यांच्या स्पीकरला जाऊन धडकला. करवली आतून "दादा, मला विसरू नका" म्हणून ओरडत होती.

फेटा पुन्हा बांधला, तुरा सरळ केला, सासूबाई ओवाळायला ताट घेऊन पुढे आल्या. तेवढ्यात फोटोग्राफर धावत आला.

"कॅमेरा आत्ता लावला," तो म्हणाला. "गाडीतून उतरतानाची एंट्री घ्यायचीय. नवरदेव, परत एकदा आत बसा. फेटा घालूनच."