घरपण न घालवता नऊ संडास

घराचं काम काढायचं याबद्दल आमच्या भाऊबंदांत पूर्ण एकमत आहे. वाद आहे तो काय पाडायचं, कुठे वाढवायचं, कधी आणि कोणाच्या पैशानं, एवढ्यावरच.

घर दापोली तालुक्यातलं. जांभ्याच्या जाड भिंती, पडवी, ओटी, माजघर, मागची पडवी, आणि पावसात रात्री जायचं जिवावर येईल इतक्या अंतरावर संडास. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात मागच्या पाख्याची कौलं उडाली. तेव्हा तात्पुरते म्हणून घातलेले पत्रे आजही तात्पुरतेच आहेत. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्या पत्र्याखाली बसलं की तो सगळा आपल्याच डोक्यावर पडतोय असं वाटतं. पावसाळ्यात घरात कोणी कोणाशी भांडूच शकत नाही, ऐकू येत नाही. म्हणून बैठक मे महिन्यात.

बैठकीला ठाणे, पुणे, बडोदा अशी सगळी शाखा हजर होती. थोरल्या काकांनी सुरुवात केली. "काय हवं ते करा, पण घराचं घरपण जाता कामा नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी आंब्याची कोय ताटलीत ठेवली आणि पुढे म्हणाले, "फक्त माझ्या खोलीला लागून संडास-बाथरूम हवं. गुडघे."

मग धाकट्या काकांनाही गुडघे असल्याचं निघालं. ठाण्याच्या वहिनींना गुडघे नव्हते, पण मुलांना सवय नव्हती. बडोद्याच्या भावाचं म्हणणं, मला काहीच नको, मी येतो कधी? पण उद्या मुलाचं लग्न झालं, सून आली, तर ती परसात डबा घेऊन जाईल का? मुलगा अजून आठवीत आहे.

आत्या इतका वेळ गप्प होती. भावांनी तिला नेहमीच्या प्रेमानं सांगितलं, "तुझा मान पहिला गं." आत्या तालुक्याच्या कोर्टात कारकून होती. ती म्हणाली, "मान तुम्हीच ठेवा. 2005 चा कायदा झालाय, मुलींनाही बरोबरीचा वाटा आहे, मला खोली द्या. आणि हो, संडाससकट."

मी हे सगळं कागदावर टिपत होतो. घरात सगळ्यांत जवळ, म्हणजे चिपळूणला, मी राहतो. त्यामुळे मिस्त्री, ग्रामपंचायत, तलाठी आणि शिव्या या सर्व खात्यांचा कार्यभार माझ्याकडे आहे.

मध्येच इतिहास निघाला. वादळात पडलेलं एक कौल काकांनी जपून ठेवलंय. ते त्यांनी सगळ्यांसमोर फडक्यानं पुसलं. मागच्या बाजूला उठावाच्या इंग्रजी अक्षरांत बासेल मिशन टाइल वर्क्स आणि खाली 1865. "बघा! दीडशे वर्षांपूर्वीचं घर. हेरिटेज आहे हे. एक खुंटी हलवायची नाही." वास्तविक 1865 हे मंगळूरला तो कौलांचा कारखाना निघाल्याचं साल. आमचं घर आजोबांनी मुंबईच्या गिरणीत पैसे साठवून बांधलं, आणि 1865 साली आजोबांचे वडीलही झाले नव्हते. हे मी सांगून पाहिलं. काकांनी कौल उलटं करून माझ्या नाकासमोर धरलं. छापील पुराव्यापुढे कोण काय बोलणार?

हेरिटेजची बाजू पुण्याच्या तरुण आर्किटेक्ट बाईंनी आणखी भक्कम केली. त्या घरात शिरल्या आणि हरखल्याच. धुरानं काळी झालेली तुळई, माजघरातला लाल कोबा, कोनाडे, सगळ्याचे फोटो. मागच्या पडवीची शेणानं सारवलेली जमीन पाहून तर म्हणाल्या, "ही प्लीज अशीच ठेवा, पायाला काय गार लागते!" काकू इतकी वर्षं ती जमीन सारवत आली आहे. ती शांतपणे म्हणाली, "ठेवू की. दर आठ दिवसांनी येत जा, शेण मी आणून ठेवीन."

छपराचा प्रश्न सर्वांत मोठा. कौलं ठेवली तर दरवर्षी पावसाआधी परतायची, आणि परतणारी माणसं आता मिळत नाहीत. मिळाली तर ती खाली उतरताच वानरांचा कळप वर चढतो. मग स्लॅब टाका, असं धाकटे काका. पण गावात ज्यांनी ज्यांनी स्लॅब टाकला, त्यांनी तो गळतो म्हणून वर लोखंडी अँगल उभे करून पत्र्याची शेड घातलीय. म्हणजे आधी लाखांचा स्लॅब, मग त्याला पाऊस लागू नये म्हणून छप्पर. हे मला कितीही वेळा समजावलं तरी समजत नाही, पण गावात प्रतिष्ठा आहे त्याला.

कागदपत्रांबद्दल न बोललेलं बरं. सातबाऱ्यावरची निम्मी नावं कैलासवासी आहेत आणि उरलेल्यांतली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत. संमतीपत्राला शंभराचा स्टँपपेपर पुरायचा, तो 2024 पासून पाचशेचा झाला. त्यावर बडोद्याच्या भावानं विचारलं, "हे पाचशे सामाईकात धरायचे ना?"

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी ओटीवरच्या खांबाला खिशातला खिळा टेकवला, तो अंगठ्यानं सबंध आत गेला. "वाळवी. बाकी भिंती बेस आहेत," म्हणाले. मग पडवीत बसून चहा घेत सगळ्यांचं म्हणणं ऐकलं. तासाभरानं मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, जांभ्याचा चिरा कसा असतो? खाणीतनं काढला तेव्हा मऊ, कोयत्यानं तासून घ्या. हवा लागली की कडक. तुमची माणसं सकाळच्या गाडीनं आली तेव्हाच सह्या घ्यायच्या होत्यात. आता हवा लागली."

तरीही आराखडा झाला. पुतण्यानं रात्रभर जागून संगणकावर केला. वास्तुशास्त्र पाळायचं म्हणून सगळे संडास वायव्येला आले आणि प्रत्येक खोलीला लागून हवे म्हणून खोल्याही मागोमाग वायव्येला गेल्या. चित्र फार सुंदर होतं. खोल्या नऊ, संडास नऊ, समोर गाडी उभी, शेजारी पाम. सगळ्यांनी आपापली खोली बोटानं मोठी करून पाहिली आणि खूश झाले.

काकूनं चष्मा लावून बराच वेळ शोधलं. मग विचारलं, "गणपती कुठे बसायचा?"

पुतण्या म्हणाला, माजघर नऊ नंबरच्या बाथरूमात गेलंय. नऊ नंबर आत्याचं होतं. आत्या म्हणाली, काढा की, पण मग एकाचंच का, सगळ्यांचीच काढा. यावर थोरल्या काकांचे गुडघे पुन्हा दुखू लागले, आर्किटेक्ट बाईंना पुण्याची गाडी होती आणि बडोद्याच्या भावानं आमरस आहे का ते विचारलं.

बैठकीत एक काम मात्र सर्वानुमते मंजूर झालं. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात सध्या एक, सामाईक, कमोड बसवायचा. मिस्त्री सोमवारी येणार होते. त्यांना थांबवलंय, कारण टाइल्स पिस्ता घ्यायच्या की आकाशी, यावर अजून तीन मतं यायची आहेत.