फ्रेडी कुणाचा हे ठरवण्यात अल्बम ऐकायचे राहून जातात

दर वर्षी सप्टेंबर आला की आमच्या पुण्याच्या मित्रमंडळीत तोच वाद सुरू होतो. ५ सप्टेंबर हा क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा वाढदिवस. त्या दिवशी कोणीतरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा फोटो टाकून "आपला माणूस" असं लिहितो, लगेच दुसरा उसळतो की आपला कसला, नाव बदललं, भारताबद्दल कधी धड बोलला नाही, लाज वाटायची त्याला. मग तिसरा येतो, तो म्हणतो ज्या गावात सवाई होतो त्या गावातल्या लोकांनी या इंग्रजी धांगडधिंग्यावर एवढा वेळ घालवावा का. यंदा त्यात भर म्हणून एकाने पाचगणीत पुतळा हवा असं म्हटलं आणि मग दोन दिवस कोणी कोणाचं ऐकेना.

मी हे सगळं पश्चिम लंडनमध्ये हाऊन्स्लोत बसून वाचतो. फ्रेडीच्या आईवडलांचं घर होतं ते फेल्टम इथून जवळच आहे, त्या घरावर २०१६ मध्ये निळी पाटी लागली, ती मी जाऊन बघून आलोय. साधी गल्ली, साधी घरं, डोक्यावरून हीथ्रोची विमानं. मला वादातलं कोणाचंच म्हणणं पटत नाही, आणि फोनवर दोन ओळीत ते सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. फ्रेडीचं खरं नाव फारुख बलसारा, जन्म १९४६, झांझिबार, घर पारशी, मूळ गुजरातचं, वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या बोर्डिंगात पाठवलं. विचार करा, आठ वर्षांचं पोर बोटीने समुद्र ओलांडून आलं आणि पुढची कितीतरी वर्षं त्या डोंगरावर राहिलं. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच पाच पोरांनी मिळून द हेक्टिक्स नावाचा बँड काढला. आणि तिथेच मुलं त्याला फ्रेडी म्हणायला लागली. म्हणजे ज्या नावावरून आपण त्याला इंग्रज झाला म्हणतो त्याचा पहिला अर्धा भाग सातारा जिल्ह्यातला आहे, लंडनचा नाही. १९६३ ला तो झांझिबारला परत गेला, जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि घरचे सगळे जीव वाचवून फेल्टमला आले.

आता ज्याने "लाज वाटायची" असं लिहिलं त्याला माझं सांगणं आहे की बाबा रे, १९६४ चं इंग्लंड काय होतं ते जरा बघ. १९६८ च्या मार्चमध्ये इथल्या सरकारने घाईघाईने कायदा करून केनियातून येणाऱ्या, हातात ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या आशियाई लोकांना अडवलं, आणि पुढच्याच महिन्यात इनॉक पॉवेल या खासदाराने बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण ठोकलं. त्या वातावरणात एक सावळा, पुढे दात आलेला पोरगा हीथ्रोवर सामान उचलत होता, ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकत होता, केन्सिंग्टन मार्केटात जुने कपडे विकत होता आणि त्याला स्टेजवर उभं राहून गायचं होतं. मुलाखतींमध्ये तो मूळगावाबद्दल फारसा बोलत नसे हे खरं आहे. पण न बोलणं आणि लाज वाटणं एकच कसं? इथे माझंही नाव ऑफिसात अर्धं झालंय, पहिल्या आठवड्यातच झालं, आणि मी रोज प्रत्येकाला माझं गाव, माझी जात, माझी भाषा समजावून सांगत बसत नाही, तसा इथला कोणताच मराठी माणूस बसत नाही. सुट्टीत पुण्याला आलो की मात्र लगेच उलटतपासणी, मुलांना मराठी येतं का, घरी वरणभात करता का. कोथरूडच्या सोफ्यावर बसून दुसऱ्याने परदेशात स्वतःचं मूळ किती मिरवावं याचे मार्क देणं फार सोपं आहे.

आणि 'आपला' म्हणणाऱ्यांनाही विचारायचंय. पुण्यात कॅम्पात, नाना पेठेत पारशी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतायत, त्यांच्याच धर्माच्या इराण्यांच्या बेकरीबाहेर आपण सकाळी रांगेत उभे राहून श्रूजबेरी घेतो, पण त्यातल्या किती जणांना आपण कधी घरी बोलावलंय, किती जणांना आपले म्हटलंय? जगाने डोक्यावर घेतल्यावरच माणूस आपला होत असेल तर त्याच्यात प्रेम कमी आणि हक्क सांगणं जास्त आहे. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला तेव्हा लंडनमध्ये पारशी पुरोहितांनी त्याच्यावर अंत्यसंस्कार केले. आईवडलांचा धर्म शेवटी त्याच्यासोबत होता. यापेक्षा जास्त हिशोब कोणाला कशाला द्यायचा?

टीका करायची तर करा ना, जागा आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये, वर्णद्वेषी राजवट चालू असताना, सांस्कृतिक बहिष्कार झुगारून क्वीनने दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला शो केले. इथल्या म्युझिशियन्स युनियनने त्यांना दंड केला, वर्तमानपत्रांनी झोडपलं, आणि बरोबरच झोडपलं. इथले जुने फॅन अजूनही त्यावर अवघडून बोलतात, पण बोलतात. आमच्या वादात मात्र सन सिटी मी कधी ऐकलं नाही, तिथे सगळा जोर नावावर.

इथल्या लोकांचं काय, असं कोणी विचारेल. इथे पाचगणी बहुतेकांना माहीतच नाही, आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नाही कारण त्यांच्या दृष्टीने क्वीन हा पूर्ण ब्रिटिश बँड आहे. २००२ मध्ये राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या पन्नास वर्षांच्या सोहळ्यात क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे बकिंगहॅम पॅलेसच्या छतावर उभा राहून गिटारवर राष्ट्रगीत वाजवत होता, त्यापुढे काय बोलणार. फॅन क्लब १९७४ पासून चालू आहे. 'ग्रेटेस्ट हिट्स' तर ब्रिटनमधला सगळ्यात जास्त खपलेला अल्बम, ७० लाखांच्या वर. पण खरं सांगतो, इथेही तक्रारीला जागा आहे. लग्नात, पबमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर त्याच दहाबारा गाण्यांवर सगळे ओरडतात आणि बाकीचा बँड कपाटात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या २०१८ च्या सिनेमानंतर तर नवीन ऐकणारे खूप आले पण बरेचसे त्याच दहाबारा गाण्यांपाशी थांबले.

आमचं पुण्यात वेगळं होतं. फ्रेडी असताना क्वीन भारतात वाजवायला कधी आलाच नाही, त्यामुळे आम्हाला शो नाही, पोस्टर नाही, टीव्हीवरही जे दिसलं ते उशिरा दिसलं. होत्या त्या कॅसेट. ज्याच्या काकाने किंवा दादाने बाहेरून रेकॉर्ड आणली असेल त्याच्याकडून टीडीकेच्या डी९० वर उतरवून घ्यायची. एका बाजूला ४५ मिनिटं, 'अ नाइट ॲट द ऑपेरा' ४३ मिनिटांचा, म्हणजे एका बाजूला अख्खा बसायचा, आणि दुसऱ्या बाजूला 'क्वीन टू', तोही साधारण ४० मिनिटांचा. फॉरवर्ड केलं की वॉकमनच्या बॅटऱ्या जायच्या म्हणून कोणी फॉरवर्ड करायचं नाही. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या पोरांना दोन्ही अल्बम पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, क्रमाने, मधल्या पॉजसकट पाठ. माझ्या मते क्वीनवर प्रेम करायची तीच खरी रीत, आणि ती इथल्या बऱ्याच लोकांना मिळाली नाही.

कारण हा बँड अल्बममध्येच कळतो. 'क्वीन टू' १९७४ चा, त्याला ए साइड, बी साइड नाही, व्हाइट साइड आणि ब्लॅक साइड आहे. व्हाइट बरीचशी ब्रायन मेची, ब्लॅक पूर्ण फ्रेडीची, आणि ब्लॅक साइडमध्ये गाणी एकातून एक अशी निघत जातात की मध्ये थांबवलं तर चुकल्यासारखं वाटतं. १९७५ च्या 'ऑपेरा'त 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे जे सहा मिनिटांचं प्रसिद्ध गाणं आहे त्याचे आवाज त्या तिघांनीच, फ्रेडी, ब्रायन आणि ड्रमर रॉजर टेलरने, थरावर थर इतक्या वेळा चढवले की टेप झिजून आरपार दिसायला लागली असं बँडनेच सांगितलंय. एवढं मोठं गाणं रेडिओवर कोण लावणार म्हणत होते, तर केनी एव्हरेट नावाच्या डीजेने एका वीकएंडला १४ वेळा लावलं. सत्तरच्या दशकात हे लोक अल्बमवर अभिमानाने छापायचे की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. जे काही चित्रविचित्र आवाज ऐकू येतात ते बरेचसे ब्रायनच्या गिटारचे, आणि ती गिटार त्याने आणि त्याच्या वडलांनी घरी बनवलेली, गळ्याचं लाकूड एका जुन्या फायरप्लेसचं, आणि वाजवायला पिकऐवजी सिक्सपेन्सचं नाणं. पुढे हाच माणूस अर्धवट सोडलेली खगोलशास्त्राची पीएचडी साठीत पूर्ण करतो. आणि चौघंही लिहायचे. कोपऱ्यात गप्प उभा राहणारा बेसवादक जॉन डीकन, त्याच्या गाण्याने १९८० मध्ये अमेरिकेत पहिला नंबर काढला. फ्रेडी आपला की त्यांचा यात बाकीचे तीन जण कुठेच नसतात, हे मला सगळ्यात खटकतं.

आणि मूळ लपवलं म्हणता ना, तर १९७८ चा 'जॅझ' काढा आणि पहिलाच ट्रॅक ऐका. इंग्रजी जवळजवळ नाहीच, अरबी शब्द, काही स्वतः बनवलेले, सूर लांबवत नेलेला. त्यात भारत नाही. पण झांझिबारच्या गल्ल्यांमध्ये लहानपणी कानावर पडलेली अजान त्याच्यात आहे असं मला प्रत्येक वेळी वाटतं. 'ऑपेरा'तल्या त्या गाण्यात भर कोरसमध्ये बिस्मिल्ला येतं तेही उगाच नाही. मुलाखतीत जे तो बोलला नाही ते त्याने लाखो लोकांच्या घरात अल्बममधून पोचवलं, आता ते न ऐकता त्याच्यावर खटला चालवायचा म्हणजे अन्याय आहे.

दुसरा एक वाद इथला आणि तिथला सारखाच आहे, फ्रेडीशिवाय क्वीन म्हणायचं का. डीकनने १९९७ नंतर काम सोडलं, ब्रायन आणि रॉजर मात्र अमेरिकन गायक ॲडम लॅम्बर्टला घेऊन फिरत राहिले. पुण्यातला माझा मित्र म्हणतो मूळ संचात नाही तर नाटक बघायचं नाही. मला उलट वाटतं, आपल्याकडे संगीत नाटकं मूळ संचाच्या पुढे गेली म्हणून तर ती पदं आपल्यापर्यंत आली. २०२२ च्या जूनमध्ये मी ओटू अरीनात त्यांना ऐकलं. तिकीट महाग होतं, अगदी नको इतकं महाग, पण शेजारी सत्तरीची बाई आणि तिची शाळकरी नात बसली होती आणि दोघींना शब्द न् शब्द येत होता. लॅम्बर्ट फ्रेडीची नक्कल करत नाही, म्हणून मला तो चालतो. ब्रायन एकटा स्टुलावर बसून गातो आणि मागे पडद्यावर फ्रेडी येऊन शेवटची कडवी पूर्ण करतो तेव्हा वीस हजारांचं ते सभागृह रडत होतं, मीही.

राहता राहिला पुतळा. स्वित्झर्लंडमध्ये माँट्रोला तलावाकाठी आहे एक, १९९६ पासून, लोक फुलं ठेवतात, फोटो काढतात. पाचगणीत झाला तर माझा विरोध नाही, फक्त तो स्ट्रॉबेरी क्रीम आणि टेबललँडच्या मधला एक सेल्फी पॉइंट होईल अशी मला भीती आहे. त्यापेक्षा मला पुण्यात हे हवंय, सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या हॉलमध्ये चांगले स्पीकर लावून एक अख्खा अल्बम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, फोन बंद. आणि सवाईचं नाव काढणाऱ्या मित्राला मी मुद्दाम सांगेन की हे पुण्यातच जमेल, कारण भीमसेनजींनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या त्या महोत्सवाने आपल्या लोकांना तासन् तास बसून ऐकायची सवय लावली. जो माणूस विलंबित ख्याल रंगेपर्यंत थांबतो त्याला ब्लॅक साइड कळायला अजिबात वेळ लागणार नाही. हा धांगडधिंगा आहे की नाही ते त्याने तिथे बसून ठरवावं.

परवा भाचीने फोनवर विचारलं, मामा, मला सगळं ऐकायचंय, कुठून सुरू करू? तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. 'ग्रेटेस्ट हिट्स'ने सुरू करू नकोस. आधी 'क्वीन टू', मग 'शियर हार्ट अटॅक', मग 'ऑपेरा', याच क्रमाने, शफल बंद करून. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात रेकॉर्ड मिळाली तर उजेडात तिरकी धरून ओरखडे बघ, आणि सांगतील त्या किमतीला लगेच हो म्हणू नकोस. १९९१ चा 'इन्युएन्डो' मात्र तो किती आजारी असताना गायलाय हे वाचून मग ऐक. 'हॉट स्पेस' सगळ्यात शेवटी ठेव, तो बऱ्याच फॅन लोकांना आवडत नाही, मलाही अर्धाच आवडतो, पण बंद करू नकोस कारण डेव्हिड बोवीबरोबरचं गाणं त्यात अगदी शेवटी आहे.