एकाच विमानाच्या दोन किमती आणि लुटीचा आरोप

गेल्या दोन महिन्यांत एक संदेश मला निदान आठ-दहा जणांनी पाठवला. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून लहान विमान बनवण्याच्या किटविषयी, म्हणजे स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मॉडेलविषयी, तो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा आहे: ‘स्पिटफायर विमानाचे तेच किट एका विक्रेत्याकडे २,९०० रुपयांना आणि दुसऱ्याकडे ४,६०० रुपयांना मिळते. जपानमध्ये त्याची किंमत २,२०० रुपये आहे. आत जेमतेम पन्नास रुपयांचे प्लास्टिक असते, बाकी सगळी लूट. परदेशातून थेट मागवा, नाहीतर जो सर्वांत स्वस्त देतो त्याच्याकडूनच घ्या, तोच प्रामाणिक.’ खाली दोन डब्यांची छायाचित्रे जोडलेली आहेत आणि दुसऱ्या छायाचित्रात दुकानाची पावतीही स्पष्ट वाचता येते.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यात एका गावी शिक्षक आहे. एकोणीस वर्षांपासून ही मॉडेले जोडतो, आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की आठ-दहा विद्यार्थी माझ्या ओसरीवर बसून तेच करतात. त्यांची किटे अमरावतीच्या एका लहान दुकानातून येतात, आणि ती पावती त्याच दुकानाची आहे. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याचे वडील हा संदेश दाखवून म्हणाले, “सर, तुमच्या त्या दुकानदारानं आपल्याला सतराशे रुपयांनी बुडवलं.” याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नाही, म्हणून संदेशातील एकेक विधान घेऊन लिहितो.

पहिले विधान, ‘तेच किट’. संदेशाचा सगळा डोलारा या दोन शब्दांवर उभा आहे आणि तेच दोन शब्द चुकीचे आहेत. छायाचित्रे मोठी करून पाहिली तर दोन्ही डबे जपानच्या तामिया कंपनीचे आहेत, दोन्हींवर स्पिटफायर मार्क १ आहे आणि दोन्हींचे प्रमाण १/४८, म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढे, आहे. मात्र डब्याच्या कडेला किटचा क्रमांक छापलेला असतो. स्वस्त डब्यावर तो ६१०३२ आहे आणि महागावर ६१११९. पहिले किट १९९० च्या दशकातील साच्यातून निघते. दुसऱ्यासाठी तामियाने विमानाचा नव्याने अभ्यास करून संपूर्ण नवे साचे बनवले आणि ते २०१८ मध्ये बाजारात आणले. त्यात बारीक कोरलेल्या धातूच्या भागांचा पत्राही येतो. नाव, कंपनी आणि प्रमाण एक असले तरी आतला एकही सुटा भाग एका किटमधून दुसऱ्यात बसवण्यासाठी केलेला नाही. मी त्या पालकांना हे क्रमांक दाखवले, तेव्हा त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “मंग हे दोन वाणच वेगळे झाले की.” इतक्या नेमक्या शब्दांत मलाही सांगता आले नसते.

हा फरक केवळ एका कंपनीपुरता नाही. चेक प्रजासत्ताकातील एडुआर्ड कंपनी एकाच साच्यातील विमान दोन प्रकारच्या डब्यांत विकते. ‘वीकएंड’ डब्यात मुख्यतः प्लास्टिक आणि डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या छापील खुणा, असतात, तर ‘प्रोफिपॅक’ डब्यात त्याच प्लास्टिकबरोबर धातूचे कोरीव भाग, रंगवताना काच झाकण्यासाठी तिच्यावर चिकटवायचे मास्क आणि अधिक विमानांच्या खुणा असतात. दोन्हींच्या नावातला हा एक शब्द वगळून कोणी किंमत सांगू लागला, तर पुढची सगळी तुलना वाया जाते. उलटही घडते. तामियाच्या १/७२ प्रमाणाच्या काही डब्यांत इटलीच्या इटालेरी कंपनीचे प्लास्टिक असते, त्यामुळे डबा वेगळा आणि आतला माल एकच, असाही प्रसंग येतो. प्रमाण न पाहता किंमत सांगणारे तर पुष्कळच भेटतात. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. १/७२ मध्ये तो १५.६ सेंटिमीटर होतो आणि १/४८ मध्ये २३.४ सेंटिमीटर. लांबी दीडपट दिसते, पण आकारमान जवळपास साडेतीन पट होते.

आपल्या भागातील माणसाला हे शिकवावे लागू नये. कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्याच्या कापसाला पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो आणि १२ च्या वर गाडी परत जाते. शेजारच्या दोन शेतांतील, एकाच दिवशी वेचलेल्या कापसाला दोन भाव मिळाले, तर आपण आधी ओलावा आणि धाग्याची लांबी विचारतो, आणि मग ग्रेडरला बोल लावायचा की नाही ते ठरवतो.

आता पन्नास रुपयांच्या प्लास्टिकविषयी. किटचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचे दाणे खरोखरच महाग नसतात, हे मला मान्य आहे. परंतु कोणी दाणे विकत घेत नाही. ते दाणे वितळवून ज्या साच्यात मोठ्या दाबाने भरले जातात, तो पोलादाचा साचा हा खरा खर्च असतो. आधी विमानाची मोजमापे आणि आराखडे मिळवायचे, त्यांचे सुट्या भागांत विभाजन करायचे, प्लास्टिक कोठून शिरेल आणि हवा कोठून निघेल ते ठरवायचे, केसाएवढ्या रेषा पोलादात कोरायच्या, नमुने काढून पुन्हा दुरुस्ती करायची, आणि हे सारे झाल्यावर पहिला डबा विकला जातो. हा खर्च पुढे निघणाऱ्या प्रत्येक डब्यावर वाटला जातो. म्हणूनच दशकांपूर्वीच्या साच्यातील किट आज स्वस्त पडू शकते. साच्याची किंमत केव्हाच वसूल झालेली असते. मात्र जुना साचा झिजतो, दोन पाट्यांच्या सांध्यातून प्लास्टिक बाहेर येते आणि भागांच्या कडेला पापुद्रा राहतो, तो मुलांना पात्याने खरवडावा लागतो.

बीटी कपाशीच्या बियाण्याचे ४७५ ग्रॅमचे पाकीट आपण नऊशे रुपयांच्या घरात घेतो. तेवढीच सरकी घाण्यावर नेली तर किती मिळतील, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. बियाण्याच्या किमतीवर भांडायला जागा आहे आणि शेतकरी भांडतातही, परंतु सरकीचा भाव दाखवून कोणी भांडत नाही.

जपानमधील किंमत हा संदेशातील सर्वांत प्रभावी मुद्दा आहे, कारण आकडा खोटा नाही. ४,००० येनचे किट धरले आणि येन ५५ पैशांचा धरला, तर २,२०० रुपये होतात. मात्र ती किंमत जपानमधल्या दुकानाच्या फळीवरची आहे. तामियाचे मुख्यालय ज्या शिझुओका शहरात आहे, तेथील ग्राहकाला ते किट समुद्र ओलांडून आणावे लागत नाही आणि त्यावर आपल्या देशाचे आयात शुल्कही भरावे लागत नाही.

हे शुल्क किती आहे, ते संदेश पाठवणाऱ्यांपैकी एकानेही विचारलेले दिसत नाही. खेळणी आणि लहान प्रमाणातील मॉडेले सीमाशुल्काच्या एकाच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये, येतात. त्यावरील मूळ आयात शुल्क २० टक्के होते. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात ते ६० टक्के झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला आधार देण्यासाठी ते वाढवले गेले, त्याच्या योग्यायोग्यतेत मी येथे शिरत नाही. पण शुल्क केवळ किटच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर लागते, हे लक्षात घ्यावे. उदाहरणादाखल असे समजा की आयातदाराला हे किट घाऊक दराने १,५०० रुपयांना मिळाले आणि वाहतूक-विम्याचा वाटा २०० रुपये आला. त्या १,७०० वर ७० टक्के म्हणजे १,१९० रुपये शुल्क, म्हणजे गोदामात पोचेपर्यंत २,८९० रुपये झाले. त्यानंतर जीएसटी, आयातदाराचा नफा, दुकानदाराचा नफा, दुकानाचे भाडे आणि गावापर्यंतची पोच. ४,६०० चा आकडा या वाटेने गाठला जातो, त्यासाठी कोणाला दरोडा घालावा लागत नाही.

याच हिशेबात विक्रेत्या-विक्रेत्यांमधील फरकाचेही एक मोठे कारण दडलेले आहे. हा माल धान्यासारखा आठवड्यात खपत नाही. डबे फळीवर वर्षानुवर्षे पडून राहतात. वरच्याच १,७०० रुपयांच्या मालावर २० टक्क्यांच्या काळात ३४० रुपये शुल्क लागले असते, ६० टक्क्यांना १,०२० लागले. ज्याच्याकडे जुना साठा उरला आहे तो कमी भावात देऊ शकतो, आणि ज्याने नंतर मागवले त्याला ते परवडत नाही. त्यात चलनाचीही भर पडते. २०२० मध्ये एक येन साधारण ७० पैशांचा होता, २०२४ मध्ये ५५ पैशांच्या आसपास होता. कोणी कोणत्या महिन्यात पैसे भरले, यावर खरेदीची किंमत ठरते. पाकीटबंद आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. दोन आयातदारांनी एकच किट आणले तर डब्यांवर दोन वेगळ्या किमतींची चिकटपट्टी असू शकते, आणि दोन्ही कायदेशीर असतात.

पोचेचा खर्च शहरातल्या माणसाला जाणवत नाही, आम्हाला जाणवतो. माझ्या कपाटातील एक डबा मी मोजला: ३८ सेंटिमीटर लांब, २४ रुंद, ८ उंच, आणि वजन अर्ध्या किलोहूनही कमी. तो नीट पोचवायचा तर चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर कागदाचा भराव घालून ४२, २८ आणि १२ सेंटिमीटरच्या खोक्यात ठेवावा लागतो. कुरिअर कंपन्या मोठ्या पण हलक्या पार्सलला आकारमानावरून वजन लावतात. घन सेंटिमीटरला पाच हजारांनी भागण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. १४,११२ भागिले ५,००० म्हणजे सुमारे २.८ किलो. अर्ध्या किलोच्या मालाला जवळपास तीन किलोचे भाडे पडते. खासगी कुरिअर आमच्या गावात येत नाही, ते तालुक्याला पार्सल ठेवून फोन करते. घरापर्यंत पोस्टमनच येतो. जो विक्रेता ‘पोच मोफत’ लिहितो त्याने हे भाडे किमतीत धरलेले असते, आणि जो स्वस्त दिसतो तो ते ऑनलाइन मागणीच्या शेवटच्या पानावर लावतो किंवा डबा नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवतो.

परदेशातून थेट मागवण्याचा सल्ला या हिशेबाने आपोआप ढासळतो. आयातदार एका खेपेत शेकडो डबे आणतो, म्हणून त्याचे भाडे डब्यामागे कमी येते. तुम्ही एकच डबा विमानाने मागवलात तर ते सगळे भाडे तुमचे, आणि शुल्कही त्या भाड्यासह मोजले जाणार. ‘भेटवस्तू लिहायला सांगा, शुल्क लागत नाही’ असे अजूनही सांगितले जाते. डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता बंद झाली आहे. शिवाय डब्यावर खोटे लिहायला मुलांना शिकवणे मला मान्य नाही. रंगाचे फवारे आणि पॉलिस्टायरीनचा डिंक ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या टपालाने येतही नाहीत. ते शेवटी इथल्याच दुकानात घ्यावे लागतात.

राहिला ‘स्वस्त तोच प्रामाणिक’ हा निष्कर्ष. तीन वर्षांपूर्वी मीही तसाच वागलो. एका दूरच्या विक्रेत्याकडून भारतीय हवाई दलाच्या खुणा असलेले एक जुने किट बाजारभावाच्या निम्म्यात घेतले. वर्गातील एका मुलीने ते आठ आठवडे खपून जोडले, रंगवले, आणि शेवटी तिरंगी चक्राचे डिकल कोमट पाण्याच्या बशीत सोडले. अर्ध्या मिनिटात ते चक्र बशीतच पाच तुकड्यांत तरंगू लागले. डबा पत्र्याच्या गोदामात कित्येक उन्हाळे काढून आला होता. आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा डिकलवरील थर ठिसूळ करतो आणि कागद पिवळा पाडतो. विक्रेत्याने उत्तरच दिले नाही. ती मुलगी काही बोलली नाही, ब्रशच्या टोकाने तुकडे जुळवत बसली, आणि ते जुळले नाहीत. त्याच सुमारास अमरावतीच्या दुकानातून आलेल्या एका किटमध्ये कॉकपिटची काच तडकलेली निघाली होती. दुकानदाराने छायाचित्र मागवले आणि स्वतःच्या साठ्यातील एक डबा फोडून दुसरी काच पोस्टाने पाठवली. तो फोडलेला डबा त्याला पुन्हा पूर्ण किमतीत विकता आला नसणार. ही जबाबदारी त्याच्या किमतीत धरलेली असते.

जास्त पैसे घेणारे विक्रेते नसतातच, असे माझे म्हणणे नाही. छापील कमाल किमतीवर दुसरी चिकटपट्टी लावून जादा रक्कम घेणे बेकायदेशीर आहे आणि त्याची तक्रार वैधमापन खात्याकडे करता येते. उत्पादन थांबलेले किट साठवून तिप्पट भावाने विकणारेही मी पाहिले आहेत. त्यांच्याकडून मी घेत नाही. परंतु तो आरोप करण्यापूर्वी किटचा क्रमांक, डब्यावरची छापील किंमत आणि पोचेसह एकूण रक्कम या तीन गोष्टी दोन्हीकडच्या समोर ठेवाव्यात. संदेशाच्या मजकुरात यांपैकी एकही नाही.

ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला त्यांच्यातले अनेक जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना माझी विनंती आहे की पावतीचे ते छायाचित्र काढून टाकावे आणि ज्या-ज्या गटात ते पाठवले तेथे ६१०३२ आणि ६१११९ हे दोन क्रमांक लिहावेत. दुकानदाराशी मी परवा बोललो. या महिन्यात त्याच्याकडे आलेल्या दोन शाळांच्या मागण्या रद्द झाल्या आहेत, आणि रद्द करणाऱ्यांनी कारण म्हणून त्याला तोच संदेश पाठवला आहे.