माया आणि किलोमागची मजुरी

आईच्या मायेविषयी बोलताना आपला गळा लगेच दाटून येतो. मात्र ती माया बाळाच्या मनात नेमके काय घडवते, याचा विचार त्या भरात मागे पडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ साली मांडलेल्या प्रयोगांत माकडाची पिल्ले दूध देणाऱ्या, तारेच्या कृत्रिम आईला सोडून मऊ कापडाच्या कृत्रिम आईला बिलगून राहिली. (प्रयोग निर्दयच होता, हेही म्हटले पाहिजे.) पुढे मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आई-बाळांच्या निरीक्षणातून दाखवले की, बाळाच्या रडण्याला, हुंकाराला आई कसा प्रतिसाद देते, यावर त्याची सुरक्षिततेची भावना बऱ्याच अंशी अवलंबून असते. रडल्यावर कोणीतरी येते, हा अनुभव वारंवार आलेले मूलच पुढे आईपासून दूर जाऊन खेळायला धजावते. त्यामुळे ‘फार कडेवर घेऊ नको, सवय लागेल’ हा घरोघरचा सल्ला मला कधीच पटलेला नाही.

पण हा प्रतिसाद द्यायला आईजवळ सवड लागते. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल भागात कापूस वेचणीच्या दिवसांत बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली दिसते. झोळीतले बाळ रडू लागले की चार ओळी पलीकडची माय कमरेची भरलेली ओटी सावरत मान वर करते, आणि बहुधा हातातले झाड संपवूनच निघते. कारण मजुरी किलोवर मिळते, आणि बाळाजवळ घालवलेला वेळ संध्याकाळी काट्यावर कमी भरतो. अशा वेळी मुलाच्या प्रत्येक दोषाचे खापर आईच्या संस्कारांवर फोडणारे आपण तिच्या मजुरीचा हिशेब मात्र सोयीस्करपणे विसरतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालातही, समाजाला मुले मोलाची वाटत असतील तर त्याने आधी त्यांच्या आईवडिलांना जपावे, असे बजावले होते.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर तिथल्या मजूर बायांपैकी एकीला मजुरी देऊन मुलांकडे लक्ष देण्यास नेमण्याची तरतूद होती. वेचणीच्या हंगामात आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून तसेच करायला काय हरकत आहे? फक्त ती बाई गावातली, मुलांच्या ओळखीची आणि हंगामभर तीच असावी. रोज नवा चेहरा समोर आला तर बाळाला पुन्हा परकेच वाटणार.