पंचवटीकर काकांना उत्तर: टूलबार कशाला, उपाध्ये आहेत की!

नमस्कार काका,

पूर्वजांचे जुने कागद ऑनलाइन शोधताना ब्राउझरची पट्टी कशी कामाला येते ते मी लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेचा मथितार्थ असा: टूलबार लावला की मागोमाग जाहिराती आणि व्हायरस येतात, गूगलवर आडनाव टाकलं की मिळायचं ते मिळतंच, आणि पूर्वजच शोधायचे तर बटणं जोडत बसण्यापेक्षा त्र्यंबकला जाऊन उपाध्यांना, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या तीर्थपुरोहितांना, वही काढायला सांगावी.

व्हायरसचं आधी संपवतो. तुमच्या डोक्यात आहेत ते इन्स्टॉल करायचे टूलबार आता इतिहासजमा झाले. फायरफॉक्सने तर नोव्हेंबर 2017 मध्ये 57 व्या आवृत्तीपासून जुनी ॲड-ऑन बंदच केली. मी लिहिलं ते ब्राउझरमधल्या बुकमार्कच्या पट्टीबद्दल. कंट्रोल-शिफ्ट-बी दाबा, दिसेल. बाहेरून काही उतरवून घ्यायचं नाही.

गूगलचं मात्र अजिबात पटत नाही. आपले कागद म्हणजे स्कॅन केलेली चित्रं. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर नाशिक जिल्ह्यातले जुने सातबारे, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी) आहेत. पण जिल्हा, तालुका, गाव निवडतच आत शिरावं लागतं. (म्हणून बुकमार्क प्रवेशाच्या पानाचाच करा, आतल्या पानाचा दुसऱ्या दिवशी उघडत नाही.) कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना 14, जुनी असली की बहुतेक मोडी लिपीत, आणि नोंद 'रावजी वल्द सखाराम' (सखारामचा मुलगा रावजी) एवढीच. आडनाव पुष्कळदा नसतंच, मग ते टाकून काय हाती लागणार? फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर दुसरीच तऱ्हा. तिथे रोमन लिपीतलं 'चौधरी' कोणी कसं लिहिलं असेल नेम नाही, म्हणून एकेका स्पेलिंगचा शोध वेगळा बुकमार्क करून ठेवायचा. माझ्या पट्टीवर 'बघायचं', 'बघितलं' आणि 'काही नाही' असे फोल्डर आहेत. यातला 'काही नाही' सगळ्यात कामाचा. एकदा धुंडाळलेलं गाव पुन्हा धुंडाळण्यात किती संध्याकाळी जातात ते ज्याचं त्याला ठाऊक.

आणि ते शकाचं बटण, जुन्या कागदावरच्या शक वर्षाचं इसवी सन काढून देणारं, ज्याला तुम्ही 'पोरखेळ' म्हणालात. बुकमार्कच्या पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्टची एक ओळ आहे, बस. दाबलं की वर्ष विचारतं. शके 1790 टाकलं की 1868-69 दाखवतं, कारण शक चैत्रात बदलतो: डिसेंबरपर्यंत 78 मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79. फसलीचं, म्हणजे जुन्या महसुली वर्षाचं, वेगळं, ते वर्ष जूनच्या सुमारास, मृगाला सुरू होतं, त्यात डिसेंबरपर्यंत 590 आणि जानेवारीपासून 591 मिळवायचे. तोंडी करता येतं हो, पण रात्री अकराला तिसऱ्या फेरफारावर डोळे चोळत असताना करून बघा.

उपाध्यांच्या वहीला तोड नाही, त्याबद्दल वादच नाही. पण तिथे बसल्यावर पहिला प्रश्न काय येतो? 'मूळ गाव कुठलं?' नाशकात वाढलेल्या निम्म्या लोकांना ते छातीठोकपणे सांगता येत नाही. आजोबा सिन्नरचे म्हणून सिन्नर सांगायचं, आणि वही निघायची निफाडकडच्या एखाद्या खेड्याच्या नावावर. फेरफारातली वारस नोंद इथे उपयोगी पडते: मयत कोण, मुलं कोण, विधवेचं नाव काय, जमीन कुठल्या गावात. एवढं कागदावर घेऊन गेलात तर उपाध्येही खुशीत वही काढतात.

माझ्या पट्टीची फाईल हवी असेल तर कळवा, पाठवतो. क्रोममध्ये आयात केलीत तरी तुमचे जुने बुकमार्क पुसले जाणार नाहीत, हिचा वेगळा फोल्डर होतो.