‘सरकारने घरांच्या बाजारातून बाहेर पडावं’ म्हणणारा तो फॉरवर्ड, मुद्द्यांनिशी

गेले काही दिवस एक लांबलचक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवरही आला आणि शाळेच्या ग्रुपवरही. थोडक्यात म्हणणं असं की मुंबईत घरं महाग आहेत ती सरकारमुळेच, भाडे कायदा काढा, म्हाडा बंद करा, जमिनीवरचे निर्बंध उठवा, बिल्डरला मोकळं सोडा म्हणजे पुरवठा वाढेल आणि घरं आपोआप स्वस्त होतील, सोबत सिंगापूरचं उदाहरण आणि शेवटी "टॅक्सपेयरच्या पैशातून फुकट घरं वाटणं थांबवा". बऱ्याच लोकांना हे पटतंय असं दिसतं. मलाही त्यातला थोडा भाग पटतो, पण बराचसा पटत नाही, आणि गप्प बसवत नाही कारण हे पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं लहानपण कन्नमवार नगर, टिळक नगर, अभ्युदय नगर असल्या सरकारने बांधलेल्या वसाहतींमध्येच गेलंय.

"भाडे कायद्याने मुंबईची वाट लावली, तो काढला की भाडी उतरतील."

पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि ती तशीच दशकानुदशकं राहिली, मालकाच्या हातात जे भाडं येतं त्यात जिन्याचा कठडासुद्धा दुरुस्त होत नाही, मग तो कशाला लक्ष घालेल, आणि भाडेकरू म्हणतो बिल्डिंग माझी नाही मी कशाला खर्च करू, यातून ती टेकू लावलेली लाकडी घरं उभी राहिली जी दर पावसाळ्यात पेपरात येतात. २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी बिल्डिंग पडली, २०१९ ला डोंगरीत केसरबाई. सुप्रीम कोर्टानेसुद्धा १९९७ मध्ये सांगितलं की भाडी अशी गोठवून ठेवणं अन्यायाचं आहे, त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला, वर्षाला ४ टक्के वाढ आली. हे सगळं मान्य.

पण दुसरा अर्धा भाग बघा. आज तुम्ही मुंबईत घर भाड्याने घ्यायला गेलात तर यातलं काय लागू होतं तुम्हाला? तुम्ही घेता ते ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, भाडं मालक ठरवेल ते, मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट पैसे वसूल करायची सोय त्याच १९९९ च्या कायद्यात आहे. म्हणजे नव्याने भाड्याने जाणाऱ्या घरांचा बाजार कधीचाच मोकळा झालाय, आणि तरी भाडी उतरलेली नाहीत. ११ महिने झाले की मालक नवा आकडा सांगतो, परवडत नसेल तर परत ब्रोकर, परत एक महिन्याची दलाली, परत डिपॉझिटची जुळवाजुळव, गॅसचा पत्ता बदला, मुलांची रिक्षा बदला. हे सरकारी निर्बंधामुळे होत नाही, भाडेकरूच्या बाजूने कुठलाच नियम उरला नाही म्हणून होतं. आणि २०११ च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांच्या वर घरं रिकामी मोजली गेली होती, ती कायद्याच्या भीतीने रिकामी असं फॉरवर्डवाले म्हणतात, पण कोटीच्या फ्लॅटला वर्षाचं भाडं येतं दोन-तीन लाख, मग ज्याने फक्त भाव वाढायची वाट बघत घर घेतलंय त्याला भाडेकरूची कटकट हवीच कशाला.

"जमीन मोकळी करा, पुरवठा वाढेल, किमती पडतील."

हा त्या फॉरवर्डचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि हा प्रयोग आपण करून बसलोय, एकदा नाही दोनदा.

पहिला प्रयोग नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा. १९७६ चा कायदा, मुंबईत ५०० चौरस मीटरच्या वरची रिकामी जमीन सरकारने घ्यायची असं होतं. प्रत्यक्षात फार थोडी जमीन हातात आली, बाकी सवलतींच्या कलमांतून निसटली. पवईचं प्रकरण आठवतंय का? १९८६ मध्ये सरकारचा बिल्डरशी करार झाला, अट होती ४० आणि ८० चौरस मीटरची छोटी घरं बांधायची, आणि उभे राहिले आलिशान टॉवर, शेवटी २०१२ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की आधी छोटी घरं बांधा मग बाकीचं. म्हणजे कायदा वाईट राबवला गेला हे मीही म्हणतो. पण २००७ च्या शेवटी महाराष्ट्राने तो रद्दच केला, तेव्हा हेच आश्वासन होतं, जमीन बाजारात येईल, भाव खाली येतील. त्यानंतरच्या दहा वर्षांत तुमच्या उपनगरात काय झालं ते कुठल्याही इस्टेट एजंटला विचारा.

दुसरा प्रयोग गिरणगावचा. साधारण ६०० एकर जमीन, शहराच्या ऐन मध्यावर, एवढी संधी कुठल्या शहराला मिळते? १९९१ च्या नियमात लिहिलं होतं की गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या आधीच मोकळ्या असलेल्या जागेची करायची असं ठरलं, शेड जिथे उभ्या होत्या ती सगळी जमीन वाटणीतून बाहेर. हायकोर्टाने २००५ मध्ये या बदलाच्या विरोधात निकाल दिला, पण सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये तो फिरवून बदल कायम ठेवला, झालं. या एका ओळीच्या बदलाने म्हाडाच्या वाट्याची किती घरं गेली याचा विचार करा. गिरणी कामगारांचे आणि वारसांचे घरासाठी दीड लाखाच्या वर अर्ज आलेत, घरं झालीत पंधरा-सोळा हजार, आणि आता त्यांना मुंबईबाहेर लांब शेलू-वांगणीला जा म्हणतात, २०२५ च्या जुलैमध्ये ही माणसं सत्तरी-पंच्याहत्तरीत आझाद मैदानात बसली होती त्यासाठी. आमच्या ओळखीतल्या एक ताई लोअर परळच्या मॉलमध्ये हाऊसकीपिंगला आहेत, सासरे गिरणीत होते, त्यांची खोली चालत पाच मिनिटांवर होती. ताई बदलापूरहून येतात, सकाळी पाचच्या आत डबा भरून, आणि गाडीत उभं राहायला जागा मिळाली तर तो दिवस बरा. तिथली जमीन मोकळी झाली, पुरवठाही झाला, टॉवर आहेत ना उभे, पण त्या टॉवरमध्ये त्यांच्यासाठी एकही घर नाही.

असं का होतं ते साध्या हिशोबात कळतं. म्हाडाच्या यादीत मुंबईसाठी अत्यल्प उत्पन्न गट म्हणजे वर्षाला ६ लाखांपर्यंत, महिन्याला ५० हजार धरा. असं कुटुंब फार तर सतरा हजारांचा हप्ता भरू शकेल, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी त्यात २० लाखांच्या आसपास कर्ज बसतं, पदरचे चार-पाच लाख धरले तर घर पंचवीस लाखांत हवं. आता उपनगरात ३०० फूट कारपेट, समजा २० हजार रुपये फूट, झाले ६० लाख. त्याला ४८ लाख कर्ज काढलं तर हप्ता साडेएकेचाळीस हजारांच्या वर जातो. आणि ते घर बांधायला किती लागतात? जिना-लॉबी धरून ४२० फूट, साध्या बिल्डिंगला साडेतीन-चार हजाराचा दर लावला तर पंधरा ते सतरा लाख. बाकीचे चाळीस-पंचेचाळीस लाख जमीन, प्रीमियम (जादा बांधकामाच्या परवानगीसाठी सरकारला भरायचे पैसे), व्याज आणि नफा. म्हणजे सिमेंट-सळई गरिबाच्या आवाक्यात आहे, जमीन नाही. मग चटई क्षेत्र, म्हणजे एका प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ती मर्यादा (एफएसआय), वाढवलं की काय होतं, तर त्याच प्लॉटवर जास्त मजले चढणार हे जमीनमालकाला आधी कळतं आणि तो त्या हिशोबाने भाव लावतो, वाढीव फायदा घर घेणाऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच जमिनीत जिरतो. चटई क्षेत्र वाढवूच नका असं मी म्हणत नाहीये, मुंबईत ते नको तिथे कमी ठेवलं होतं हेही खरं, पण वाढवताना त्यातला वाटा छोट्या घरांसाठी बांधून घेतला नाही तर ती नुसती जमीनमालकाला दिलेली भेट ठरते, आणि हा वाटा बांधून घेणं सरकारशिवाय दुसरं कोणी करूच शकत नाही.

प्रीमियमबद्दल मात्र फॉरवर्डवाल्यांशी सहमत. सरकार आणि पालिका चटई क्षेत्र विकून तिजोरी भरतात आणि तो पैसा शेवटी घर घेणाऱ्याच्या हप्त्यातूनच जातो, हे थांबलं पाहिजे किंवा निदान छोट्या घरांना त्यातून पूर्ण सूट पाहिजे.

"एसआरए बघा, सरकारचा एक पैसा न लागता झोपडपट्टीवाल्यांना घरं मिळाली."

एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना, बिल्डर झोपडीवाल्यांना फुकट घर बांधून देतो आणि उरलेल्या जागेवर फ्लॅट बांधून विकतो. बरोबर, एक पैसा लागला नाही, आणि त्याचीच किंमत मोजतोय. १९९५ ला ४० लाख लोकांना म्हणजे ८ लाख घरं द्यायची घोषणा होती. पंचवीस वर्षांनंतर पूर्ण झालेली घरं अडीच लाखांच्या आसपास. कारण योजना बिल्डरच्या नफ्यावर चालते, जिथे विक्रीच्या फ्लॅटला भाव येतो तिथे बिल्डर धावतो, गोवंडी-मानखुर्दकडे कोणी फिरकत नाही, आणि बाजार पडला की काम अर्धवट, माणसं संक्रमण शिबिरात, भाड्याचे चेक बंद. जिथे घरं झाली तिथलीही अवस्था बघा, मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींमध्ये बिल्डिंगी इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यावर दिवसा दिवा लावावा लागतो, डॉक्टरांच्या पाहणीत अशा घरांमध्ये टीबी जास्त सापडला. गरिबांच्या घराचे सगळे नियम ढिले करायचे म्हणजे योजना परवडते, हे मॉडेल कोणाला आदर्श वाटत असेल तर त्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

"सरकारने बांधलेलं सगळं शेवटी झोपडपट्टीच होतं."

हे सरळ खोटं आहे. म्हाडाच्या जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासासाठी आज बिल्डर रांगा लावतात. चारकोप-गोराई बघा, ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून तिथे सरकारने आखीव प्लॉट पाडले, रस्ता, पाणी, गटार दिलं, २५-४० चौरस मीटरचे छोटे प्लॉट कमी उत्पन्नाच्या लोकांना दिले आणि घर लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधलं, आज ती चांगली नांदती मध्यमवर्गीय वस्ती आहे. सोलापूरला कुंभारीत विडी कामगार बायांनी आधी दहा हजार घरांची वसाहत उभी केली, नंतर तिथेच रे नगर, ३० हजार घरांची योजना, सहकारी पद्धतीची, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख प्रत्येक घरामागे, जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या माणसांना घर विकायला कुठला बिल्डर आला असता? आणि वरळीची बीडीडी चाळ, शंभर वर्षांपूर्वी सरकारनेच बांधलेल्या १६० फुटाच्या खोल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना त्याच वरळीत ५०० फुटाच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, म्हाडाकडून.

सिंगापूरचं उदाहरण तर फॉरवर्डच्या विरोधातच जातं. तिथे १९६० मध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळ काढलं, १९६६ मध्ये कडक भूसंपादन कायदा केला, बहुतेक जमीन सरकारच्या ताब्यात, आज दहातले जवळजवळ आठ रहिवासी सरकारने बांधलेल्या घरात राहतात, तेही ९९ वर्षांच्या लीजवर.

"म्हाडा बंद करा, लॉटरी म्हणजे नुसता जुगार."

राग समजतो. २०२४ च्या मुंबईच्या लॉटरीत २०३० घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. २०२३ ला ताडदेवचं घर साडेसात कोटींना होतं, म्हाडाच्या लॉटरीत साडेसात कोटी, हे वाचून कोणाचंही डोकं फिरेल. पण पन्नास जणांत एकाला घर मिळतं याचा अर्थ घरं कमी पडतायत असा होतो, बांधणाऱ्यालाच बंद करा असा कसा होईल? म्हाडाने किंमत ठरवताना बाजाराकडे न बघता त्या गटाच्या पगाराकडे बघितलं पाहिजे, आणि विक्रीसोबत भाड्याची घरं बांधली पाहिजेत, कायम म्हाडाच्याच मालकीची, म्हणजे ती परत बाजारात जाणार नाहीत. आणि ४००० चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पात २० टक्के घरं म्हाडामार्फत छोट्या उत्पन्न गटांना द्यायचा नियम २०१३ पासून आहे, नाशिकमध्ये ती घरं गेली कुठे यावरून २०२२ ला विधान परिषदेत केवढा गदारोळ झाला, पालिका आयुक्तांची बदली झाली. तिथे नियम जास्त झाला नव्हता, नियम पाळून घेणारा कोणी नव्हता.

"टॅक्सपेयरच्या पैशातून गरिबांना घरं का?"

जुन्या करपद्धतीत आपल्या होम लोनच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत सूट कितीतरी वर्षं मिळतेय, मुद्दलावर वेगळी, ४५ लाखांच्या आतल्या घराला जीएसटी १ टक्का, पंतप्रधान आवासमध्ये मध्यमवर्गालासुद्धा व्याजात सवलत मिळाली होती. हे सगळं सरकारी पैशातूनच आहे आणि त्याला कोणी फुकट म्हणत नाही. ज्याच्याकडे कर्ज मिळण्याइतका पगार आहे त्याला मदत म्हणजे प्रोत्साहन आणि जिला बँक दारात उभी करत नाही त्या घरकामवाल्या बाईला मदत म्हणजे उधळपट्टी, हा भेद मला मान्य नाही. २०१२ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरांमधली घरांची टंचाई १ कोटी ८८ लाखांच्या आसपास काढली होती, त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त अत्यल्प आणि अल्प उत्पन्न या सगळ्यात खालच्या दोन गटांची. त्यांच्यासाठी बाजार बांधत नाही, कारण वरचा हिशोब जुळत नाही.

राज्याने मे २०२५ मध्ये नवं गृहनिर्माण धोरण आणलंय, २०३० पर्यंत ३५ लाख घरं म्हणतायत. भांडायचंच असेल तर यावर भांडूया, या ३५ लाखांत ६ लाखांच्या आतल्या कुटुंबांसाठी किती, भाड्याची किती, कुठल्या जमिनीवर, आणि ती जमीन उद्या नियम बदलून परत काढून घेतली जाणार नाही हे कायद्यात कुठे लिहिलंय.